गुलाबी व्हायला हवं होतं

सोमवारी सकाळी इनक्युबेटरचं दार उघडलं तेव्हा पाच गटांच्या वीस प्लेट्सवर मिळून एकही गुलाबी ठिपका नव्हता. जिथे वाढ होती तिथे ती उत्तम होती. सायीच्या रंगाच्या, गोल, टपोऱ्या यीस्टच्या कॉलन्या. पण आमचा सगळा प्रयोग टांगला होता तो गुलाबी रंगावर.

माझ्या मागे पदवीच्या शेवटच्या वर्षाची वीस मुलंमुली उभी होती. तीन आठवडे त्यांनी या सकाळची वाट पाहिली होती. जनुक नेमकं कुठे कापायचं ते सांगणारं 'गाइड' निवडताना वाद घातले होते, पिपेट दाबून दाबून अंगठे दुखवून घेतले होते. कुणीतरी फोटोसाठी मोबाइल काढून ठेवला होता, तो हळूच परत खिशात गेला. "मॅडम, आमचंच काहीतरी चुकलं असणार," पुढे उभी असलेली मुलगी म्हणाली. ते ऐकून मला क्षणभर हायसं वाटलं. हायसं वाटलं याची लाज मात्र पुढे बरेच दिवस पुरली.

आम्ही काय करत होतो ते आधी सांगते. यीस्टमध्ये एडीई-टू नावाचं एक जनुक आहे. ॲडेनिन, म्हणजे डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक, तयार करायला पेशीत रासायनिक पायऱ्यांची एक लांबलचक साखळी चालते, तिच्यातली एक पायरी या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनावर अवलंबून असते. जनुक बंद पाडलं की साखळी त्या पायरीवर अडते, अडलेला पदार्थ साचत जातो, पेशी तो रिक्तिकेत, म्हणजे तिच्या आतल्या साठवणीच्या पिशवीत, नेऊन टाकते आणि तिथे त्याचा लाल रंग होतो. म्हणजे जनुक मोडलं तर कॉलनी आधी गुलाबी आणि मग लालसर, शाबूत असेल तर पांढरी. नुसत्या डोळ्यांना दिसणारा असा निकाल जनुकशास्त्रात क्वचितच मिळतो. म्हणून नवशिक्यांच्या हाती क्रिस्पर, म्हणजे डीएनए ठरल्या जागी कापायचं तंत्र, द्यायचं ठरलं की अनेक शिक्षक पहिल्यांदा या जनुकावर घाव घालायला लावतात. यीस्ट बिचारं तक्रार करत नाही.

क्रिस्परला सगळे कात्री म्हणतात, मीही वर्गात म्हणते. कात्री हा शब्द ठीक आहे. मला खटकतो तो 'संपादन'. संपादक मजकूर वाचतो, विचार करतो, शब्द बदलतो. क्रिस्परमधलं कापणारं कॅस-नाइन हे प्रथिन यातलं काहीच करत नाही. ते डीएनएवर 'जी' हे अक्षर लागोपाठ दोनदा कुठे आहे ते चाचपत फिरतं. सापडले की शेजारचा धागा उसवून पाहतं, आणि तिथली वीस अक्षरं आपल्याजवळच्या गाइड आरएनएशी जुळली तर त्या खुणेच्या तीन अक्षरं अलीकडे दोन्ही धागे कापतं. त्याचं काम तिथे संपलं. पुढे काय करायचं ते पेशी ठरवते. तुटलेली टोकं कशीबशी चिकटवायची, की जवळपास मिळतीजुळती प्रत असेल तर तिच्यावरून नक्कल करून घ्यायची? यीस्टला नक्कल करणं फार आवडतं. म्हणून आम्ही कात्रीबरोबर डीएनएचा एक छोटा तुकडा, डोनर, आत सोडतो. त्यात जनुकाच्या मध्येच 'थांबा' अशी खूण घातलेली असते आणि ते दोन जी बदललेले असतात, नाहीतर दुरुस्त झालेली जागा कात्री पुन्हा कापत बसेल. बदल घडवते ती पेशीच. आपण फक्त तिला अडचणीत आणतो आणि सुटकेचा आपल्याला हवा तो मार्ग समोर ठेवतो.

पहिल्या तासाला मी या सगळ्याचा इतिहास सांगते, जरा लांबवूनच. १९८७ साली ओसाकात योशिझुमी इशिनो आणि त्यांचे सहकारी ई. कोलाय या जिवाणूतलं एक जनुक वाचत होते. त्याच्या शेजारी त्यांना तीच तीच २९ अक्षरं ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा आलेली दिसली. शोधनिबंधाचा विषय वेगळा होता. तरी त्यांनी ते लिहून ठेवलं, आणि याचा जैविक अर्थ कळलेला नाही, हेही लिहिलं. स्पेनमध्ये फ्रान्सिस्को मोहिका मिठागरांतल्या सूक्ष्मजीवांत तशाच ओळी, ज्यांना पुढे क्रिस्पर म्हटलं गेलं, वर्षानुवर्षं पाहत होते. त्या ओळींच्या मधले तुकडे विषाणूंच्या डीएनएशी जुळतात हे त्यांनी २००५ साली छापलं, तेही आधी काही नियतकालिकांनी नाकारल्यावर. २००७ मध्ये दुग्धव्यवसायातल्या एका जिवाणूवर प्रयोगाने सिद्ध झालं की ही जिवाणूंची रोगप्रतिकारशक्ती आहे, एकदा येऊन गेलेल्या विषाणूची आठवण. मग २०१२, या यंत्रणेतून हवं तिथे कापणारी कात्री बनवणाऱ्या जेनिफर डाउडना आणि एमान्युएल शार्पाँतिये, आणि २०२० चं नोबेल. नोबेलपाशी आल्यावर वर्ग जागा होतो. माझा जीव मात्र १९८७ च्या त्या ओळीत अडकलेला असतो. दिसलं, समजलं नाही, तरी लिहिलं.

आपल्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये असं काही लिहायची सोयच नसते. तिथे रीडिंग 'पाडतात'. मी स्वतः विद्यार्थिनी असताना या कलेत तरबेज होते. टायट्रेशनचं उत्तर काय यायला हवं ते ठाऊक असायचं, मग उलटं गणित करून ब्युरेटची तीन रीडिंग पाडायची. दोन अगदी सारखी आणि एक ०.१ ने वेगळं, म्हणजे खरं वाटतं. त्या ०.१ चा मला अभिमान होता. शिक्षकांना कळत असणार, पण तेही तसेच शिकलेले. प्रयोगाचं उत्तर आधीच ठरलेलं असलं की विद्यार्थी निसर्गाकडे बघतच नाही, बघतो तो परीक्षकाच्या चेहऱ्याकडे. पुढे पीएचडीला गेल्यावर मला पहिली दोन वर्षं ही सवय मोडण्यातच घालवावी लागली.

त्या सोमवारी माझ्या चेहऱ्याकडे बघणारी वीस माणसं होती, आणि चेहरा सांगत होता की फसलं. एक मुलगा मात्र खाली बघत होता. वर्गात क्वचित बोलणारा. त्याने मार्करने प्लेटच्या मागे ठिपके देत कॉलन्या मोजल्या होत्या.

"मॅडम, पण आमची तिसरी प्लेट रिकामी का आहे?"

प्रत्येक गटाच्या चार प्लेट्स असतात. पहिलीत नुसतं यीस्ट, प्लास्मिड नाही, म्हणजे कात्रीचं आणि औषधापासून वाचवणारं जनुक आत नेणारं डीएनएचं कडं नाही. औषध घातलेल्या मीडियावर, म्हणजे यीस्टच्या खाद्यावर, तिथे काहीच उगवायला नको. दुसरीत कॅस-नाइन आहे, गाइड नाही. कात्रीला पत्ताच माहीत नाही, तेव्हा भरपूर वाढ हवी. तिसरीत कॅस-नाइन आणि गाइड, पण डोनर नाही. चौथीत सगळं. विद्यार्थ्यांना चौथीतच रस असतो. पहिल्या तीन म्हणजे प्रोटोकॉलमध्ये लिहिल्यात म्हणून करायच्या.

"ट्रान्सफॉर्मेशन नीट झालं नसेल," मी म्हणाले. पेशींत बाहेरचा डीएनए शिरवण्याला ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात.

"मग चौथीत कसं झालं? दुसरीवर चारशे दहा आहेत. तिसरीवर सहा. चौथीवर दोनशे तीस. हात तोच, पेशी त्याच."

मी गप्प बसले. तो हळूहळू, थोडा अडखळत पुढे बोलत गेला. कात्री चालली नसती तर तिसरीही दुसरीसारखी भरून गेली असती. ती रिकामी आहे, म्हणजे कात्री चालली आणि पेशी मेल्या. चौथीत तीच कात्री आणि तेच गाइड, फक्त डोनर जास्त. तिथे पेशी जगल्या, म्हणजे डोनर वापरूनच जगल्या असणार. "म्हणजे जनुक मोडलंय मॅडम. फक्त दिसत नाहीये."

इतर गटांनी भराभर मोजायला घेतलं. पाचांपैकी चौघांचे आकडे तसेच निघाले. पाचव्या गटाच्या चारही प्लेट्स कोऱ्या होत्या. डीएनए आत शिरावा म्हणून पेशी थोडा वेळच गरम करायच्या असतात, त्यांनी ४२ अंशांच्या पाण्यात नळ्या ठेवल्या आणि बोलत बसले होते, पण ती वेगळी गोष्ट.

मी मीडियाच्या बाटल्यांकडे गेले. लेबल माझ्याच अक्षरातलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी घाईत मीडिया मीच बनवला होता, आणि हाताला जुनी सवय. संशोधनाच्या काळात यीस्ट खुशीत राहावं म्हणून आम्ही मीडियात वरून ॲडेनिन घालायचो. हाताने तेच केलं. पेशीला ॲडेनिन बाहेरून आयतं मिळालं की ती स्वतःची साखळी मंदावते. साखळीच चालत नाही तर अडून साचणार काय, आणि लाल होणार काय? त्या दोनशे तीस कॉलन्यांचं जनुक मोडलेलं होतं, आणि मीच त्यांना पांढरे कपडे चढवून बसवलं होतं.

मी फळ्यासमोर जाऊन हे सगळं सांगितलं. सांगायला वाटलं होतं त्यापेक्षा जड गेलं. वर्ग पहिल्यांदा शांत झाला आणि मग हसला. मघाशी "आमचंच चुकलं असणार" म्हणणारी मुलगी सर्वांत मोठ्याने हसली, आणि ते मला बरं वाटलं. आम्ही चौथ्या प्लेटवरच्या कॉलन्या वरून ॲडेनिन न घातलेल्या मीडियावर ओढल्या. दुसऱ्या दिवशी शंका यावी इतका रंग आला, चौथ्या दिवशी तो कुणीही ओळखावा असा गुलाबी होता. नंतर काही दिवस प्लेट्स फ्रिजमध्ये ठेवल्या तर तो आणखी गडद झाला. त्या मोबाइलवाल्याने फोटो काढले. मोजणाऱ्या मुलाने काढले नाहीत. त्याला आता एक लालसर कॉलनी सापडली होती जिच्यात पांढरी पाचर होती, केकचा तुकडा कापून बाजूला ठेवल्यासारखी, आणि तो तिच्यातच गुंतला होता.

त्याची पहिली कल्पना अशी की पेशीने जनुक परत दुरुस्त केलं. खरं कारण निराळं निघालं. यीस्टची काही पिल्लं मायटोकाँड्रियाचा डीएनए गमावतात, श्वसन करू शकत नाहीत, आणि श्वसन नसेल तर तो लाल रंगही तयार होत नाही. या पेशींना 'पेटिट' म्हणतात. फ्रेंचमध्ये लहान, कारण त्यांच्या कॉलन्या छोट्या राहतात. तपासायची रीत सोपी आहे. साखरेऐवजी ग्लिसरॉल घातलेल्या प्लेटवर त्या उगवतच नाहीत. त्याने तपासलं, नाही उगवल्या. म्हणजे पांढऱ्या पाचरीतही एडीई-टू मोडलेलंच होतं. हा पेटिट पुढे पुन्हा भेटणार आहे.

अशा अभ्यासक्रमाबद्दल बोलताना लोक कल्पनांबद्दल बोलतात, हातांबद्दल कमी. मला हातांबद्दल सांगावंसं वाटतं. एक मायक्रोलिटर म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढा थेंब. नवा विद्यार्थी पिपेटच्या टोकाकडे बघतो आणि त्याला काही दिसत नाही. तो पुन्हा घेतो, आणि मग नळीत दोन मायक्रोलिटर गेलेले असतात. टिप उजेडाकडे धरून तो थेंब बघायला, नळीच्या भिंतीला टेकवून सोडायला, आणि 'सोडला' यावर विश्वास ठेवायला दोन आठवडे लागतात. मग ट्रान्सफॉर्मेशनला लागणारं पीईजी नावाचं रसायन येतं, काकवीसारखं दाट. ते घाईने ओढलं की टिपमध्ये निम्मी हवा. जेलच्या खाचेत नमुना भरताना कोपर टेबलावर टेकवायचं आणि श्वास रोखायचा नाही, कारण श्वास रोखला की हात जास्त थरथरतो. हे व्हिडिओ बघून येत नाही. आणि हात स्थिर झाल्याशिवाय निकालावर शंका घेण्याचा अधिकारही मिळत नाही. ज्याला स्वतःच्या पिपेटची खात्री नाही तो प्रत्येक अनपेक्षित गोष्ट स्वतःच्या चुकीवर ढकलून मोकळा होतो. त्या मुलाला "हात तोच" असं ठामपणे म्हणता आलं ते उगीच नाही.

उत्तर माहीत नसलेले प्रश्न पदवीच्या वर्गात आणण्याचे प्रयत्न जगात बरेच झाले आहेत. २००८ पासून अमेरिकेत हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूटच्या पाठबळाने पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं मातीतून जिवाणूभक्षक विषाणू शोधतात, त्यांना नावं ठेवतात, त्यांचे जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचतात. अशाच शोधमोहिमेतला एक विषाणू २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेत डर्बनजवळ एका विद्यार्थिनीला सडक्या वांग्याच्या खालच्या अंगाला सापडला. त्याचं नाव ठेवलं मडी, म्हणजे चिखल्या. लंडनमध्ये उपचार घेणाऱ्या एका पंधरा वर्षांच्या मुलीला फुप्फुस प्रत्यारोपणानंतर असा जंतुसंसर्ग झाला होता की कुठलंच प्रतिजैविक चालेना. तेव्हा, २०१८ मध्ये, विद्यार्थ्यांनी जमवलेल्या त्या संग्रहातून तीन विषाणू निवडून तिला दिले गेले. मडी त्यांतला एक. उरलेल्या दोघांना आधी जिवाणू नीट मारता येत नव्हते. त्यांच्या जीनोममधून एक जनुक काढून टाकावं लागलं. मुलगी बरीच सुधारली. ही गोष्ट सांगितली की दरवर्षी कुणीतरी विचारतं, "मग आपणही काही शोधू का?" मी म्हणते, वांगं उचलणाऱ्या मुलीला ते ठाऊक नव्हतं.

२०१४ साली जीवशास्त्राच्या काही शिक्षकांनी अशा अभ्यासक्रमांची पाच लक्षणं मांडली. शास्त्रज्ञांच्या पद्धती वापरणं, खरा शोध, वर्गाबाहेर महत्त्व, एकत्र काम, आणि पुन्हा पुन्हा करून पाहणं. पहिली चार कागदावर कुठेही बसवता येतात. पाचवं वेळापत्रकाला मानवत नाही. यीस्टला दोन दिवस लागतात, सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचून घ्यायला, आठवडा, आणि टर्म संपते. चुकलं तर परत करायला वेळच नसेल, तर चुकण्याची मुभा दिली असं म्हणणं ही थापच.

गुणांचा घोळ तर विचारू नका. एका वर्षी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शांतपणे विचारलं, "ज्या गटाचं काहीच उगवलं नाही त्यांना तुम्ही पैकीच्या पैकी दिलेत?" दिले होते. ४२ अंशांच्या पाण्यात नळ्या विसरल्याचं त्यांनी वहीत वेळेसकट लिहिलं होतं, आणि किती मिनिटांनी किती पेशी मरतात हे पाहण्यासाठी वेगळा छोटा प्रयोग करून आलेखही काढला होता. गुलाबी प्लेट आणणाऱ्या दुसऱ्या एका गटाचे मात्र मी गुण कापले, कारण त्यांच्या वहीत तिसऱ्या प्लेटचा आकडा नंतर खोडून बदलला होता. आमचा नियम एवढाच. पेनने लिहायचं, चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. परीक्षकांचं समाधान झालं असं वाटत नाही.

आणि सगळ्यांना हे आवडतं असंही नाही. एका मुलाने सत्राच्या मध्यावर येऊन स्पष्ट सांगितलं, "मॅडम, मला पुस्तकातला प्रयोग द्या. मी संध्याकाळी नोकरी करतो. रविवारी प्लेट बघायला येणं मला जमत नाही." त्याचं बरोबर होतं. ज्यांच्या हाताशी मोकळा वेळ आहे त्यांनाच शोधाचा आनंद मिळावा असा अभ्यासक्रम मी नकळत बांधला होता. पुढच्या सत्रापासून गटातल्यांनी प्लेट बघण्याच्या पाळ्या लावल्या आणि रंग गडद व्हायला प्लेट्स फ्रिजमध्ये ठेवायच्या ठरवल्या, म्हणजे सोमवारी सगळ्यांना एकदमच दिसेल. अर्धवटच उपाय आहे.

नीतीचा भाग मी पूर्वी वेगळ्या तासाला घ्यायचे, स्लाइड्स लावून. आता तो सिक्वेन्सिंगच्या दिवशी येतो. विद्यार्थी आपल्या कॉलनीच्या डीएनएचा आलेख पडद्यावर बघत असतात, चार रंगांची शिखरं ओळीने. एखाद्या गटाच्या आलेखात ठरावीक जागेपासून पुढे एकाखाली एक दोन शिखरं दिसायला लागतात. आमच्या यीस्टमध्ये प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते, तेव्हा याचा अर्थ बहुधा असा की कॉलनी एका पेशीची नाही, बदललेल्या आणि न बदललेल्या पेशी एकत्र वाढल्यात. उपाय सोपा. पुन्हा रेघा ओढा, सुटी कॉलनी उचला. तेव्हा मी सांगते की नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनचे शास्त्रज्ञ हे जियानकुई ('हे' त्यांचं आडनाव) यांनी भ्रूणावस्थेत सीसीआर-फाइव्ह जनुक, ज्याच्या प्रथिनाच्या आधाराने एचआयव्ही पेशीत शिरतो ते, बदललेल्या जुळ्या मुली जन्माला आल्याचं जाहीर केलं. त्यांनी दाखवलेल्या आलेखांतही तज्ज्ञांना मिश्र पेशींच्या खुणा दिसल्या, आणि झालेले बदल एचआयव्हीपासून वाचवणाऱ्या, निसर्गात आढळणाऱ्या ठरावीक बदलासारखे नव्हतेच. २०१९ च्या अखेरीस त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. इथे मी थांबते. पडद्यावर कुणाची तरी दुहेरी शिखरं असतात. एकदा एक मुलगी हळूच म्हणाली, "त्यांना दुसरी कॉलनी उचलता येणार नव्हती." त्यानंतर स्लाइड्स लावायची गरज पडली नाही.

उलट बाजूही त्याच दिवशी येते. सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरच्या कॅसजेव्ही या क्रिस्पर उपचाराला २०२३ च्या अखेरीस आधी ब्रिटनमध्ये आणि मग अमेरिकेत मान्यता मिळाली. विद्यार्थ्यांना वाटतं त्यात चुकलेलं अक्षर दुरुस्त करतात. ते अक्षर तसंच राहतं. रक्त तयार करणाऱ्या पेशींत बीसीएल-इलेव्हन-ए या जनुकाचा एक नियंत्रक भाग मोडतात, म्हणजे जन्मानंतर बंद पडलेलं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होतं. मोडणं सोपं, नेमकं दुरुस्त करणं अवघड, हे ज्याने तिसरी आणि चौथी प्लेट मोजली आहे त्याला समजावून सांगावं लागत नाही.

एडीई-टू हा तसा सराव. खरं काम सत्राच्या उत्तरार्धात. यीस्टचा जीनोम १९९६ मध्ये पूर्ण वाचून झाला. पेशीकेंद्रक असलेल्या सजीवांत पहिला. सव्वा कोटीच्या जवळपास अक्षरं, सुमारे ६००० जनुकं. तरी आजही त्यातल्या काही शेकडो जनुकांचं काम काय ते कुणाला माहीत नाही. प्रत्येक गट असं एक जनुक निवडतो, मोडतो, आणि यीस्टला काही फरक पडतो का ते बघतो. दहापट, शंभरपट, हजारपट पातळ केलेले थेंब ओळीने टाकायचे आणि प्लेट्स ३० अंशांना, ३७ अंशांना, जास्त मिठावर ठेवायच्या. बहुतेक वेळा काहीही फरक पडत नाही. मग वही पुढच्या तुकडीकडे जाते.

तीन वर्षांपूर्वी एका गटाला फरक सापडला. त्यांचं यीस्ट ३७ अंशांना नीट वाढेना. तीनदा केलं, तीनदा तेच. सत्राचा शेवटचा आठवडा होता. जनुक परत घालून यीस्ट सुधारतं का ते बघायला हवं होतं, वेळ उरला नव्हता. त्यांनी पोस्टर केलं, बक्षीस मिळालं, निरोप घेऊन गेले. मीही ते निकाल दोन ठिकाणी कौतुकाने दाखवले.

पुढच्या तुकडीने तेच जनुक दोन वेगवेगळ्या गाइडनी नव्याने मोडलं. सिक्वेन्सिंग चोख. ३७ अंशांना यीस्ट मजेत वाढलं, दोन्ही वेळा.

या तुकडीला आनंद व्हावा की वाईट वाटावं तेच कळेना. मी जुन्या गटाला मेल लिहिला, बराच वेळ शब्द शोधत. दुसऱ्या दिवशी एकीचं उत्तर आलं. तिने ना खेद व्यक्त केला ना बचाव केला. एकच ओळ होती. "मग आमचं का वाढत नव्हतं?"

या प्रश्नाला मी वेळापत्रकात जागा दिली नव्हती. नव्या तुकडीतल्या एका मुलाने ती जुनी वही घरी नेली. परत आणली तेव्हा एका पानावर कागदाची पट्टी घातलेली होती. निकालांच्या तक्त्याखाली, समासात, बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: '३० ला पण किंचित लहान? उजेड कमी होता. उद्या बघू.' उद्याच्या पानावर त्याबद्दल काही नव्हतं. मी ती वही तपासली होती. त्या पानावर माझी सही होती.

"मॅडम, लहान," तो म्हणाला. "पेटिट असेल का?"

उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये जुन्या गटाच्या यीस्टची जपून ठेवलेली नळी शोधायला आम्हाला अर्धा तास लागला. लेबलचा एक कोपरा बर्फाने उडाला होता, पण अक्षर ओळखू आलं. नळी बर्फावर ठेवली, वरचा थर टूथपिकने खरवडला आणि दोन प्लेट्सवर ओढला, एक साखरेची आणि एक ग्लिसरॉलची. या वेळी मीडिया त्यांनी बनवला होता आणि लेबलवर काय काय घातलं ते सगळं लिहिलं होतं. ॲडेनिनपुढे ठळक शून्य होतं.

त्याने दोन्ही प्लेट्स उलट्या करून इनक्युबेटरमध्ये ठेवल्या आणि वहीत वेळ टाकली. शुक्रवार, पाच वाजून दहा.